ओलवणाचं वर्णन

९ ऑक्टोबर १९८३

मिसेस ॲशकोमच्या दिवाणखान्यात आज ओलवण बचाव समितीची बैठक झाली. घरी आल्यापासून दोनदा चूळ भरली, तरी तोंडाची चव जात नाही. तिच्या पांचट चहाचा यात काही दोष नाही. दोष तिच्या विशेषणांचा.

गाव आणि समुद्र यांच्यामधे जे खाजण पसरलंय त्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या नुसतं ओलवण म्हणतो. ते आता डेरेक स्नेलिंगने घेतलंय. ओहोळ बुजवायचे, भराव टाकायचा आणि वर कॅरव्हॅनचा तळ उठवायचा, असा त्याचा बेत आहे. कॅरव्हॅन म्हणजे चाकं असून जन्मात न हलणारे पत्र्याचे डबे, ज्यांत शहरातली माणसं सुट्टीत येऊन बेकन तळतात. जिल्ह्याच्या मंडळाने परवानगी नाकारली, तर हा वर अपिलात गेला. जानेवारीत सरकारी निरीक्षक येऊन गावाच्या सभागृहात जाहीर चौकशी घेणार आणि तोच निकाल देणार. हरलो की ओलवण गेलं, पुढे दाद नाही.

डेरेक गावच्या शाळेत माझ्याच हाताखाली शिकला. त्याला धड स्वतःचं नाक पुसता येत नसे. आता त्याच्याकडे लंडनचा वकील आहे.

आणि आमच्याकडे कोण? डॅफ्नी ॲशकोम! तीन हिवाळे झाले नाहीत इथे येऊन, आणि समितीची अध्यक्ष. उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि निवेदन वाचायला लागली. "निसर्गाच्या कुशीत विसावलेला हा नयनरम्य भूप्रदेश, जिथे अथांग आभाळ धरतीला आलिंगन देतं..." शी! अंगावर पाल पडावी तसं झालं मला. आभाळ आलिंगन देतं म्हणे. आमच्याकडे आभाळ फक्त पाऊस देतं.

मी म्हटलं, "मिसेस ॲशकोम, हे निवेदन आहे की लग्नाची पत्रिका?"

"विनी, अगं पण मला तसं वाटतं ना!"

विनी! मला आजवर कुणी विनी म्हटलेलं नाही. माझी आईसुद्धा मला विनिफ्रेड म्हणायची, आणि रागावली की मिस थर्टल.

शेवटी ठरलं की निवेदन मी लिहायचं. शेजारच्या सिरिल कॅचपोलने सुचवलं. रिटायर पोस्टमन, बैठकीत तोंड उघडतो ते बिस्किटासाठी. म्हणाला, "मिस थर्टल लिहितील. त्यांना जमतं." एवढंच. मग सगळ्यांनी माना डोलावल्या.

१३ ऑक्टोबर

स्नेलिंगच्या तज्ज्ञाचा अहवाल आला. भूदृश्यांचा तज्ज्ञ! असा धंदा असतो हे मला ठाऊक नव्हतं. हा गृहस्थ चकचकीत बूट घालून एका दुपारी आला, बांधावरून पाहिलं आणि परत गेला. लिहितो की जागा सपाट, एकसुरी, वैशिष्ट्यहीन. दृश्यमूल्य कमी प्रतीचं.

तळपायाची आग मस्तकात गेली. वैशिष्ट्यहीन! आमच्या गावात चिखलाला निदान सहा नावं आहेत. पाय धरणारा वेगळा, पाय सोडणारा वेगळा, वरून वाळलेला आणि आतून गिळणारा वेगळा. ओहोटीनंतर चमकतो त्याचं नाव वेगळं. त्या तज्ज्ञाला यातला एकही भेटला नाही, हे त्याच्या बुटांवरून कळतं.

३० ऑक्टोबर

सकाळी बांधावर गेले. सिरिल भेटला, नेहमीसारखा. तो म्हणतो गुडघ्यासाठी चालतो. त्याचा गुडघा नेमका मी निघते तेव्हाच दुखतो.

रानहंस आलेत, यंदा लवकर. आम्ही दोघं उभे राहून पाहत होतो. भरती ओहोळांतून आत येत होती. सिरिल म्हणाला, "वाईट नाही."

मी म्हटलं, "नाही."

यात काय ते आलं. मिसेस ॲशकोमला हे कधी कळायचं नाही. आमच्या भागात 'वाईट नाही' याच्या वर शब्द नाही. सिरिलची बायको गेली तेव्हा चर्चमधे पाद्रीसाहेबांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. हा उभा राहिला, टोपी हातात फिरवली, म्हणाला, "बाई वाईट नव्हती," आणि खाली बसला. अख्खं चर्च ढसाढसा रडलं.

आणि ही बया आभाळाला आलिंगनं द्यायला लावते.

६ नोव्हेंबर

आज तिच्या निवेदनावर लाल पेन्सिल चालवली. नयनरम्य गेलं. अथांग गेलं. विहंगम, मनोहारी, मंत्रमुग्ध, गूढरम्य, सगळे गेले. हिरवागार गालिचा गेला; ज्याने गालिचा झटकलाय तो गवताला गालिचा म्हणणार नाही. एका जागी तिने लिहिलं होतं, 'इथे उभं राहिलं की मला माझा गेलेला भाऊ आठवतो आणि रडू येतं.' तेही काढलं. निरीक्षकाला तिच्या भावाशी काय करायचंय?

शेवटी अर्धं पान उरलं. जमीन सपाट आहे. दिवसातून दोन वेळा भरती येते. झाडं नाहीत. वारा असतो. हिवाळ्यात रानहंस येतात. अमुक अमुक पक्षी घरटी करतात. एकही शब्द खोटा नाही. वाचून मला बरं वाटलं, घासलेल्या भांड्यासारखं स्वच्छ.

डॅफ्नीला दाखवलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. "यात ओलवण कुठेय गं?"

म्हटलं, "सगळं ओलवणच आहे. कमी आहात त्या तुम्ही."

यावर ती रडायलाच लागली. भर दुपारी, चहाच्या कपावर, नाकातून आवाज काढत. मी खिडकीबाहेर पाहत बसले. मोठ्या माणसाने असं दुसऱ्याच्या घरी बसून गळावं, मला शिसारी येते. जाताना म्हणाली, "निदान मला साक्ष तरी देऊ दे." मी म्हटलं, साक्ष गावातली माणसं देतील. तुम्ही मागे बसा.

समितीत मतदान झालं. डॅफ्नीचं नाव साक्षीदारांतून वगळलं. सिरिलने कुणाच्याच बाजूने हात वर केला नाही, याचा मला राग आला.

४ डिसेंबर

साक्षीदारांची तयारी करून घेतली. खरं म्हणजे तयारीची गरजच नव्हती. सगळे माझ्याच हाताखालून गेलेले. म्हटलं, "फुलोरा नको. जे आहे ते सांगा आणि बसा." सिरिल आणि म्हातारा गूडरम तेवढे माझ्या हाताखालचे नाहीत, गूडरम तर माझ्याहून मोठा आहे. तो म्हणाला, "मिस, आम्हाला दुसरं येतंय कुठे?"

हशा झाला. सभागृहात मात्र रॉकेलच्या शेगडीचा असा वास कोंडला होता की घरी येऊन कोट बाहेर टांगावा लागला.

१७ जानेवारी १९८४

चौकशीचा पहिला दिवस. निरीक्षक मिस्टर लोमॅक्स बर्मिंगहॅमकडचे. सभ्य माणूस, सर्दी झालेला, प्रत्येक शब्द लिहून घेतो. मला हायसं वाटलं. म्हटलं, असाच माणूस हवा, शब्दाला शब्द ठेवणारा.

आपली बाजू फार भक्कम झाली आज.

पहिला गूडरम. स्नेलिंगचा वकील, तेल लावलेले केस, हातात अंगठी, उठून गोड आवाजात म्हणतो, "मिस्टर गूडरम, या जागेबद्दल आपलं काय मत?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"ओली असते."

"आपण तिथे जाता?"

"रोज जातो."

"अच्छा! कशासाठी?"

म्हाताऱ्याने खाली बुटांकडे पाहिलं. मान लाल झाली. मग म्हणाला, "कुत्र्याला न्यावं लागतं."

म्हाताऱ्याचं कुत्रं मरून जमाना झाला. अख्ख्या गावाला माहीत आहे. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका गिळल्याचं ऐकू आलं. इतकी सुंदर साक्ष मी आजवर ऐकली नाही, आणि सुंदर हा शब्द मी उगाच वापरत नाही.

दूधवाली मिसेस नॉक्स म्हणाली, "सवय होते माणसाला." चर्चची घंटा वाजवणारा म्हणाला, "असलं तर असू द्यावं." आणि सिरिलने तर कमाल केली. वकिलाने विचारलं, ही जागा कशी वाटते, तर भर सभेत, अनोळखी माणसांसमोर म्हणाला, "वाईट नाही."

मी खाली पाहिलं. मला त्याच्याकडे पाहवेना.

वकील म्हणाला, "वाईट नाही. धन्यवाद, मिस्टर कॅचपोल," आणि हसला. हसू दे मेल्याला. मिस्टर लोमॅक्सनी लिहून घेतलंय.

डॅफ्नी शेवटच्या खुर्चीवर होती. पांढरीफटक. मधल्या सुट्टीत धावत आली, माझी बाही धरली. "विनी, तो माणूस इथला नाही. त्याला काही कळत नाहीये! मला बोलू दे, पाया पडते तुझ्या." सगळ्यांसमोर! मी बाही सोडवून घेतली.

१८ जानेवारी

आज मी. अर्धं पान वाचलं, आवाज चढवला नाही. मग वकील उठला.

"मिस थर्टल, आपण उभं आयुष्य भाषा शिकवण्यात घातलंत. शब्द जपून वापरण्याबद्दल आपली ख्याती आहे. माझे अशीलही आपलेच विद्यार्थी." स्नेलिंगने पहिल्या रांगेतून मान लववली, मेला. "तेव्हा मी आपलाच शब्द प्रमाण मानेन. ही जागा सुंदर आहे का?"

मला त्याचा डाव कळला. त्याला मला डॅफ्नी करायचं होतं. मी 'होय' म्हणावं, मग तो म्हणणार कशी सुंदर, किती सुंदर, आणि मी तिथे आभाळाला मिठ्या मारत बसणार. मी काय कालची आहे?

म्हटलं, "तसं मी म्हणणार नाही."

"नयनरम्य?"

"तो शब्द मी मुलांच्या वहीत खोडते."

"मग ही जागा गेली तर आपलं नेमकं काय जाईल?"

इथे मला चष्मा काढून पुसावा लागला. शेगडीचा धूर असेल. पाणी मागितलं. मग म्हटलं, "थोडं चुकल्याचुकल्यासारखं होईल."

जरा जास्तच बोलून गेले. घरी आल्यावर लाज वाटली. इतकं उघडंवाघडं बोलायची गरज नव्हती. पण सिरिल दारापर्यंत सोबत आला, आणि टोपी काढून म्हणाला, "फार बोललात आज." म्हणजे त्यालाही ते पोचलं.

जिंकलो असं वाटतंय. लिहू नये, पण वाटतंय.

१२ फेब्रुवारी

निरीक्षक जागा पाहायला आले ते नेमके धो धो पावसात. समोर काही दिसत नव्हतं. मी सोबत होते. ते शिंकले. मी म्हटलं, "आज जरा ओलं आहे." ते म्हणाले, "हो, तसं दिसतं."

सिरिल संध्याकाळी कांद्याच्या पातीसारख्या लीकच्या दोन जुड्या घेऊन आला. मातीसकट, माझ्या पुसलेल्या फरशीवर. उभा राहिला. म्हणाला, "मिस थर्टल, मी विचार करत होतो. तुमच्याबरोबर राहणं वाईट नसावं."

मी म्हटलं, "राहताच की शेजारी. आणि बूट बाहेर काढत जा."

बरं, म्हणाला आणि गेला. फरशी परत पुसावी लागली. लीक आतून किडलेले निघाले नाहीत, एवढं खरं.

२६ एप्रिल

निकाल आला.

परवानगी दिली.

पुढचं उतरवून ठेवते, कारण मला ते पुन्हा पुन्हा वाचायची शिक्षा हवी आहे. 'स्थानिक रहिवाशांनी जागेविषयी विशेष आस्था व्यक्त केली नाही. तिचा उपयोग प्रामुख्याने कुत्री फिरवण्यासाठी होतो. भाषेच्या जाणकार असलेल्या व जिच्या सचोटीविषयी माझी पूर्ण खात्री पटली अशा साक्षीदाराने जागा सुंदर नसल्याचं स्पष्टपणे सांगितलं, व ती गेल्यास होणारं नुकसान थोडं असल्याचं मान्य केलं.'

त्यांनी काही चुकीचं लिहिलेलं नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. तीन वेळा तपासलं.

२९ एप्रिल

कुणी मला काही बोलत नाही. दूधवाली मिसेस नॉक्स म्हणाली, "व्हायचं ते होतं." गूडरम म्हणाला, "असू द्या, मिस." पोस्टात रांगेतल्या बाईने मला पुढे जाऊ दिलं. देवा, ओरडा ना कुणीतरी माझ्यावर! शिव्या द्या, दगड मारा! या गावात शिवीसुद्धा कुणाला धड देता येत नाही, आणि त्याचा वीट मला आज पहिल्यांदा आला.

फक्त डॅफ्नी आली. केक घेऊन. बसली आणि सरळ म्हणाली, "विनी, मला बोलू द्यायला हवं होतंस. तुम्ही सगळे जीव टाकता त्या चिखलावर, आणि त्या माणसाला वाटलं तुम्हाला कुत्र्यांपुरती गरज आहे. तुमचं हे 'वाईट नाही' मला समजायला दोन वर्षं लागली. त्याला तुम्ही दोन दिवस दिले."

तिचं बरोबर होतं. मी तिच्या तोंडावर ते म्हटलं नाही. केक भयंकर गोड होता, पण सगळा खाल्ला आणि मग न्हाणीघरात जाऊन ओकले.

१० सप्टेंबर

ट्रक येताहेत. सकाळपासून ढिगारे पडतात, मोडक्या विटा, पाइप, कुठल्यातरी पाडलेल्या इस्पितळाच्या पांढऱ्या फरश्या. मोठा ओहोळ परवा बुजला. काल भरती आली तेव्हा पाणी जुन्या वाटेने येऊन भरावापाशी थांबलं, वळवळलं आणि मागे गेलं. मला तिथे उभं राहवेना, आणि हलवेनाही.

सिरिल मुलीकडे इप्सविचला राहायला गेला. सामान थोडं होतं. कुंपणाशी येऊन म्हणाला, "आता गुडघ्याला चालायला काही उरलं नाही." मी म्हटलं, "जपून जा." त्याचं घर बंद आहे, आणि सकाळी माझं पाऊल बाहेर पडताना उगाच त्या दाराकडे वळतं. म्हाताऱ्या बाईचा नुसता मूर्खपणा.

१५ नोव्हेंबर

आज कोण यावं दारात? डेरेक स्नेलिंग! चामडी कोट, अत्तराचा भपकारा, मांजरसुद्धा उठून गेलं.

"मिस, रागावू नका. एक काम होतं."

त्याला माहितीपत्रक छापायचंय. कॅरव्हॅन भाड्याने देण्यासाठी. मजकूर एका कंपनीकडून आणलाय, जरा नजर टाकाल का, तुमच्याइतकं इंग्रजी इथे कुणाचं आहे? माझ्या दारात उभं राहून हे विचारायला कातडं किती जाड लागत असेल! मी दार लावणार होते, पण कागदाकडे डोळे गेले आणि तिथेच अडकले. 'हिरव्या टेकड्यांच्या कुशीत, खळाळत्या निर्झराकाठी वसलेलं रमणीय स्थळ.'

"टेकडी? कुठली टेकडी, डेरेक?"

"ते सगळीकडे तेच छापतात, मिस. लोकांना टेकडी आवडते."

"जानेवारीत तू म्हणालास इथे पाहण्यासारखं काही नाही."

"तेव्हा परवानगी हवी होती. आता गिऱ्हाईक हवंय." हे त्याने अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं, पाढा म्हणावा तसं.

मी कागद हिसकून घेतला आणि त्याला हाकलून दिलं. दार धुतलं.

१८ नोव्हेंबर

तो कागद टेबलावर आहे. त्या टेकडीने मला झोप लागू दिली नाही. ओलवण मेलं ते मेलं, आता त्याच्या छातीवर टेकडी ठेवणार. सिरिल असता तर म्हणाला असता, सोडा हो. मला सोडता येत नाही.

ठरवलंय. त्याला लिहून देईन, पण खरं. काय होतं इथे ते सगळं. त्याने वाचावं आणि लाजेने मरावं.

१९ नोव्हेंबर

सकाळी लिहायला बसले. उठले तेव्हा चहा गार, आणि जेवणाची वेळ टळून गेलेली. चार पानं.

हे काय लिहिलं मी? माझंच अक्षर, पण बाई कोण ही? 'इथे भरती समोरून येत नाही. ती मागून येते, ओहोळांतून, पायांचा आवाज न करता, आणि आपण पाहतो तोवर आभाळ जमिनीवर आलेलं असतं.' 'ओहोटीनंतर चिखल असा उजळतो की त्यावर चालणारा लाल पायांचा टिलवा पक्षी आपल्याच सावलीला टोचतोय असं वाटतं.' 'ऑगस्टमधे सगळं खाजण जांभळ्या फुलांनी भरतं, आणि मधमाश्यांच्या आवाजाने बांध थरथरतो.' 'हिवाळ्यात पहाटे रानहंस डोक्यावरून जातात तेव्हा माणसं अंथरुणात जागी होऊन एकमेकांचा हात धरतात, आणि सकाळी कुणी त्याबद्दल बोलत नाही.' आणि शेवटी, एका ओळीत, 'ही जगातली सर्वांत सुंदर जागा आहे.'

लाल पेन्सिल घेतली. एकही शब्द खोडण्यासारखा सापडला नाही. सगळं वर्तमानकाळात लिहिलं गेलंय, ते बदलायला हवं होतं, पण हात चालला नाही.

२२ नोव्हेंबर

स्नेलिंगला बोलावून पानं दिली. इथेच बस आणि वाच, म्हटलं. मी समोर उभी, त्याची मान कधी खाली जाते ते पाहत.

त्याने वाचलं. हळूहळू, ओठ हलवत, शाळेत वाचायचा तसंच. डोळे पुसले. लहानपणी तोही त्याच चिखलात लोळलाय, कुठे जाईल? मला वाटलं, लागला बाण.

मग नाक शिंकरून म्हणाला, "मिस, हे जानेवारीत वाचून दाखवलं असतंत ना, तर मी भिकेला लागलो असतो."

मी टेबलावरची लाल पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"एक अक्षर बदलत नाही," म्हणाला, "असंच छापतो. काय लिहिलंय, मिस! काय लिहिलंय!" आणि पानं कोटात घालून गेला. पैसे देत होता, ते मी घेतले नाहीत, जणू त्याने काही धुऊन निघणार आहे.

पानं परत मागायला हवी होती. दारापर्यंत गेलेही होते. पण खरं लिहायचं तर, त्याने 'काय लिहिलंय' म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. त्या माणसाच्या तोंडून! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आज जेवण गेलं नाही. आरशात पाहायचं टाळलं.

३ मार्च १९८५

डॅफ्नी सांगत आली की उन्हाळ्यातले सगळे डबे आत्ताच भाड्याने गेलेत. तिच्या हातात माहितीपत्रक. लेखकाचं नाव नाही. तिने वाचलं होतं. माझ्याकडे नुसतं पाहत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला विशेषण सुचलं नाही.

२७ मे

सुट्टीचा सोमवार. तळ उघडून दोन दिवस झाले. जायचं नाही ठरवलं होतं, तरी गेले. दाताची दुखरी जागा जीभ शोधते तसं.

बांधावरून खाली रांगाच रांगा, फिकट हिरवे आणि बदामी डबे. प्रत्येकाच्या दारात घडीच्या खुर्च्या. तळणाचा, पेट्रोलचा आणि संडासातल्या निळ्या औषधाचा एकत्र वास. सात-आठ रेडिओ सात-आठ गाणी गात होते. मोठा ओहोळ होता तिथे डांबरी रस्ता आणि कचऱ्याचे पिंप. मी रुमाल नाकाला लावून उतरले. काय पाहायचं होतं मला, देव जाणे.

एका डब्यासमोर चाकाच्या खुर्चीत एक माणूस, गुडघ्यांवर घोंगडी, चेहरा मेणासारखा. शेजारी त्याची बायको, नव्या सँडल, हातात ते माहितीपत्रक. घड्यांवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेली. इकडे तिकडे पाहत होती. मला पाहून पुढे आली.

"बाई, तुम्ही इथल्याच का हो?"

"हो."

"बरं झालं. आम्ही लेस्टरहून आलो. ह्यांचं हिवाळाभर इस्पितळ चाललं होतं, आणि मी रोज ह्यांना हे वाचून दाखवायचे. कुणी लिहिलंय कोण जाणे, पण ते म्हणायचे, बरा झालो की हे पाहायचं." ती जरा कानकोंडी होऊन हसली. "परवापासून शोधतोय. त्या टोकाला जाऊन आले, या टोकाला जाऊन आले. आमचंच चुकत असेल काहीतरी. ह्यांना खुर्चीतून जास्त लांब नेता येत नाही, म्हणून म्हटलं विचारावं. यात लिहिलंय ते कुठल्या बाजूला आहे?"

तिचा नवरा माझ्याकडे पाहत होता. घोंगडीवरचा हात उचलून त्याने नमस्कार केला.

सांगता आलं असतं की अजून जरा पुढे आहे, किंवा उद्या भरतीला या. पण मला खोटं बोलता येत नाही.

म्हटलं, "तुम्ही त्याच्यावर उभ्या आहात."

"अगंबाई!" तिने दचकून खाली पाहिलं. "सॉरी हं!" आणि कुणाच्या वाफ्यातल्या रोपावर पाय पडावा तशी ती पटकन बाजूला सरकली.

बाजूलाही तेच होतं.